पाळकसाहेबांची अर्धी राहिलेली वही

शाहूपुरीची लेक

गेल्या मंगळवारी पहाटे आमचे पाळकसाहेब प्रभूत निजले. वय ऐंशीच्या पुढचं, महिनाभर अंथरुणालाच होते, तरी चर्चची घंटा ऐकली आणि हातातलं भांडं हातातच राहिलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. कोल्हापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, स्टेशन रोड भागातल्या माणसांना ते सांगायची गरजही नाही. काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, आधी सायकल, मग लूना आणि शेवटी शेवटी पायीच.

बुधवारी माती दिली. मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, माणसं होतीच, पण निम्म्याहून जास्त गर्दी चर्चची पायरी कधी न चढलेल्यांची होती. कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॉपच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, "आपले फादर गेले." आमच्यात फादर म्हणत नाहीत, पाळक म्हणतात किंवा रेव्हरंड. पण बाजार त्यांना चाळीस वर्षं फादरच म्हणत आला. त्यांनी एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही. "हाक मारली ना, बास," म्हणायचे.

पुढच्या महिन्यात स्मरणाची उपासना आहे. त्यासाठी आठवणी गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून हा धागा. पण मला दुसरंही एक सांगायचंय, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

२०१९ चा ऑगस्ट आठवतोय ना? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि त्या आठवड्यात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पाळकगृह सखल भागात. साहेब आधी शेजारची म्हातारी माणसं बाहेर काढत बसले, नंतर स्वतः निघाले. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात मंडळीची रजिस्टरं होती. बाप्तिस्मा, लग्न, दफन, अशी तीन प्रकारची. पाणी ओसरल्यावर मी चिखल काढायला गेले तर कपाटाचं दार उघडेना. आतले कागद फुगून दाराला घट्ट बसले होते. शेवटी पहारीनं उचकटलं.

कुणी म्हणालं, उन्हात टाका. त्यांनी टाकू दिलं नाही. वीज नव्हती. सगळी दारं-खिडक्या उघडी टाकून, पानापानात वर्तमानपत्राचा कागद घालून, दिवसातून दोनदा तो बदलत ते तीन आठवडे सतरंजीवर बसून होते. पाठ भरून आली की भिंतीला टेकायचे आणि पुठ्ठ्यानं वहीला वारा घालायचे. स्वतःला नाही, वहीला.

वाळल्यावर कळलं ते विचित्रच होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी जवळजवळ शाबूत. त्या काळची काळी शाई लोहाची, ती कागदात मुरून बसते. धुऊन गेल्या त्या निळ्या फाउंटन पेनच्या नोंदी, साधारण १९६१ ते १९८२. म्हणजे आमच्या आईबापांची लग्नं आणि आमचे जन्म. रकाने दिसतात, आत नुसतं निळसर ढग.

तेव्हापासून साहेब रोज सकाळच्या चहानंतर नवी वही घेऊन बसायचे. वाचता येईल ते उतरवायचे आणि नाही ते शोधायला बाहेर पडायचे. कुणाच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर जन्मतारखा असतात, कुणाकडे लग्नपत्रिका, कुणाच्या आजीची कबर. आम्हाला वाटायचं, साहेब भेटीला आलेत, प्रार्थना करतील, चहा घेतील. प्रार्थना करायचेच. मग हळूच पिशवीतून वही काढायचे आणि विचारायचे, "तुझ्या धाकट्या आत्याचा बाप्तिस्मा कुठल्या साली गं?"

ती वही आता माझ्यासमोर आहे. फेब्रुवारी १९७१ पर्यंत आली आहे. शेवटच्या ओळीत मुलाचं नाव आहे, बापाचं आहे, आईचा रकाना कोरा आहे.

तर आठवणी लिहाच. आणि ज्यांच्या घरातलं कुणी १९७१ ते १९८२ मध्ये आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतलेलं किंवा लग्न लागलेलं आहे, त्यांनी घरातली जुनी बायबलं उघडून बघा.

मीटर डाऊन

ताई, फळ्यावर मीच लिवलंय. फादर माझ्या रिक्षात कधी फुकट बसले न्हाईत. कितीबी म्हटलं तरी पैसे सीटवर ठिवून उतरायचे. लॉकडाऊनात आमचा धंदा बंद पडला तवा त्यांनी स्टॉपवरच्या सगळ्यांची यादी केली, घरात किती माणसं, पोरं किती, कुणाला शुगर हाय. आणि मग शिधा आला तो पिशवीवर नाव न टाकता. कुणी दिला म्हणून विचारलं तर म्हणाले, आलाय न्हवं, घ्या की. आमच्यातल्या एकाच्या पोरीच्या नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनला स्वतः संगट गेलते. ती आता पगारावर हाय. मातीला ती पण आलती, ड्युटीवरनं तशीच, कपडे न बदलता.

पंचगंगेकाठचा

मी मंडळीतला नाही, ख्रिस्तीही नाही. पाळक हा शब्द ऐकला की मनात पहिली शंका यायची, हे आधीच सांगतो.

आईला सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, ठेवलं होतं, आमच्या घरात अजून थोरला दवाखानाच म्हणतात. वॉर्डात रात्री नातेवाइकांनी थांबायचं म्हणजे कॉटच्या खाली चादर टाकून पडायचं. दर गुरुवारी दुपारी एक छत्रीवाले गृहस्थ यायचे. थर्मासात गरम पाणी, पिशवीत पेले. ज्याच्याजवळ कुणी नाही त्याच्या कॉटजवळ आधी बसायचे. आईला विचारलं, "गाव कुठलं?" ती म्हणाली, गगनबावड्याकडलं. मग दोघं अर्धा तास भाताच्या लावणीवर बोलत होते. रोप किती दिवसांचं उपटायचं, यंदा चिखलणीला बैल मिळाले का, असं सगळं. देवाचं नाव त्यांनी काढलं नाही. आईनंच काढलं. म्हणाली, अंबाबाईला एक साडी बोलले आहे, उतरवायला जमेल असं वाटत नाही. ते म्हणाले, "माझ्या ओळखीची बाई रोज देवळाजवळ फुलं विकते. तिला सांगतो, ती नेऊन देईल." दुसऱ्या गुरुवारी प्रसादाची पुडी घेऊन आले.

आई त्याच आठवड्यात गेली. ते कोण होते हे मला परवा पेपरातल्या फोटोवरून कळलं.

तालमीचा पोर

पुराच्या वेळी चर्चचा हॉल उघडला होता, आम्ही तालमीची पोरं तिथे बोटीवर होतो. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, गावात पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. मंडळीच्या बायका भात-आमटी करायच्या, आम्ही पिंपं भरून पोच करायचो. मशिदीतनं पाण्याच्या बाटल्या यायच्या. आमच्या तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही, त्यामुळे आम्हाला यात नवीन काही नव्हतं. नवीन एवढंच की सत्तरीचा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोटीचा दोर धरत होता आणि सांगून ऐकत नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे. चौकाला त्यांचं नाव द्यावं. तालमीकडून नगरसेवकाला निवेदन द्यायची आमची तयारी आहे. सह्या पाहिजेत तेवढ्या मिळतील.

बिंदू चौक

+१. चौकाला अनुमोदन.

निवृत्त मास्तर

तालमीच्या पोरांच्या मनातलं समजतं आणि ते मनापासून आहे, पण मी सही करणार नाही. हयात असते तर त्यांनी आधी मलाच बोलावून विचारलं असतं, "मास्तर, हे थांबवा कसं तरी."

त्यांची माझी ओळख त्या रजिस्टरांमुळेच वाढली. मी इतिहासाचा शिक्षक, त्यामुळे जुन्या पानांवरचं काही अडलं की निरोप यायचा. १८५२ साली रॉयल वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा कोल्हापुरात आले, तिथून इथल्या प्रोटेस्टंट मंडळीची सुरुवात धरतात. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली याच गावात जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशनरी चळवळीचा पुढारी झाला. १८७० साली इथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. छत्रपती शाहू महाराजांनी गावात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करवली, त्यात १९१५ साली ख्रिस्ती मुलांचंही झालं. हे मी त्यांना सांगायचो. आणि ते मला काय सांगायचे? की अमुक साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाईनं स्वतःचं नाव बदललं नाही, मराठी नाव आणि मराठी आडनाव तसंच ठेवलं. तिच्या नवऱ्याचा धंदा 'मोट हाकणे' असा लिहिलाय. तिची तीन मुलं लागोपाठच्या वर्षांत दफनाच्या रजिस्टरात आहेत. मी वर्षं सांगायचो आणि ते माणसं सांगायचे. तीस वर्षं इतिहास शिकवून मला जे जमलं नव्हतं ते त्या पाळकगृहाच्या व्हरांड्यात जमायला लागलं, म्हणजे एका नोंदीपाशी थांबणं.

एकदा मी त्यांना म्हणालो, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हाच्या सगळ्या घडामोडींवर तुम्ही लिहून ठेवायला हवं, तुम्ही त्या पिढीतले आहात. ते म्हणाले, "त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ह्या पोराची आई कोण, हे लिहिणारा मी एकटाच आहे."

चौक नको. वही पुरी करू.

दाखलेवाला

वहीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. माझा त्यांच्यावर दोन वर्षं राग होता.

मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ओबीसी दाखला आणि मग जात पडताळणी करायची होती. त्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आमचे आजोबा अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेले, त्यामुळे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं आम्हाला अनुसूचित जातीची सवलत नाही. शीख आणि बौद्धांना पुढे मिळाली, ख्रिस्ती बाहेरच राहिले. उरला ओबीसीचा रस्ता. वडिलांच्या बाप्तिस्म्याची १९६४ ची नोंद हाच आमचा आधार, आणि ती पुरात धुतली गेली. साहेबांनी आमच्या घरच्या बायबलवरून ती नव्या वहीत उतरवली होती. मी म्हटलं, द्या उतारा सही-शिक्क्यानं.

त्यांनी दिला, पण वर लिहिलं, "मूळ नोंद पुराच्या पाण्याने गेली, ही नोंद कुटुंबाकडील बायबलवरून पुन्हा लिहिली आहे." मी हातापाया पडलो, एवढी ओळ काढा म्हणून. तारीख खरी, नाव खरं, जात खरी, मग ओळ कशाला? ते म्हणाले, "मी एक खोटी सही केली की या वहीतल्या सगळ्या खऱ्या नोंदी खोट्या होतील." मी चिडून उठून आलो. घरी बरंच काही बोललो, ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात. म्हणाले, तुझे वडील पहिलीत कुठल्या शाळेत होते? मला माहीत नव्हतं. मग ते माझ्या आत्याकडे गेले, तिच्या आठवणीवरून एका खेड्यातली मराठी शाळा निघाली. दोघं एसटीनं गेलो. मुख्याध्यापकांनी जुना जनरल रजिस्टर काढून दिला आणि त्यात १९६३ साली वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं स्वच्छ. दाखला त्यावर झाला. परत येताना एसटीत त्यांना झोप लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. तेव्हाही मी माफी मागितली नाही. आता इथे मागतो.

रंकाळ्याचा वारा

दाखलेवाला, वाचून थांबलो. एवढंच.

मिरजेची सिस्टर

बराच वेळ लिहू की नको करत होते. माझं लग्न त्यांनी मोडलं होतं.

साल १९९६. मी अकरावीत. स्थळ चांगलं होतं, मुलगा नोकरीला, वडिलांना घाई. शाळेच्या दाखल्यावर वय वाढवून घातलेलं होतं, तेव्हा पुष्कळांचं असंच असायचं. त्या हिशोबानं मी अठरा पूर्ण. चर्चमध्ये लग्नाची सूचना तीन रविवार वाचायची असते. पहिला रविवार झाला. सोमवारी पाळकसाहेब घरी आले. वडिलांना म्हणाले, हिचा बाप्तिस्मा माझ्या आधीच्या पाळकांनी केलाय, रजिस्टर बघितलं, हिला अठरा व्हायला अजून आठ महिने आहेत. वडील म्हणाले, आठ महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय? साहेब म्हणाले, "आठ महिन्यांनी या, मी स्वतः लावतो. आज लावणार नाही."

स्थळ थांबलं नाही. वडिलांनी मंडळी सोडली. दोन वर्षं आम्ही दुसऱ्या गावच्या चर्चला जायचो. नातेवाईक म्हणायचे, पाळकानं पोरीचं नशीब फिरवलं. मलाही तसंच वाटायचं, कारण मला तो मुलगा आवडला होता. हे मी आज पहिल्यांदा कुठे लिहितेय.

पण त्या आठ महिन्यांत मी बारावीला बसले. आणि बसले म्हणून नर्सिंगला गेले. आज पंचवीस वर्षं मिरजेत वॉर्ड सांभाळते. लग्न पुढे झालं, चांगलं झालं, त्यांनीच लावलं. वडीलही आले, मागच्या बाकावर बसले.

आता मुद्द्याचं. त्या सोमवारी साहेबांनी वडिलांना दाखवायला रजिस्टरातली माझी नोंद एका कागदावर उतरवून आणली होती. रजिस्टराचं पान, अनुक्रमांक, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबापाची नावं, साक्षीदार. माझा जन्म १९७९ चा. म्हणजे ती नोंद तुमच्या धुतलेल्या पानांतली असणार. वडिलांनी तो कागद रागानं चुरगाळून टाकला होता आणि आईनं उचलून तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवला होता. आई गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. काल रात्री बघितला. आहे.

कागदवेडा

जुन्या कागदांच्या जतनाचं काम करतो, म्हणून थोडं घाईनं सांगतो.

सिस्टर, तो कागद इस्त्री करू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. घड्या हातानं हळू उलगडा, दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत ठेवून वर जाड पुस्तक ठेवा. त्याआधी फोटो काढा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता.

धागाकर्त्या ताई, मूळ रजिस्टरं टाकून देऊ नका, 'वाचता येत नाही' म्हणून तर नकोच. निळसर ढग दिसतो तिथे निब दाबल्याचे चर कागदावर राहिलेले असतात. बॅटरी बाजूनं, अगदी आडवी धरली तर पुष्कळदा अक्षर उठून दिसतं. आधी सगळ्या पानांचे फोटो, मग उतरवणं. पानांना क्रमांक घालायचे तर शिसपेन्सिलीनं, कोपऱ्यात. आणि कृपा करून हे फोटो इंटरनेटवर टाकू नका. त्यात लोकांच्या जाती आहेत, अनौरस म्हणून लिहिलेली मुलं आहेत. ज्याची नोंद त्यालाच दाखवायची.

शनिवारी मी मोकळा असतो. बॅटरी आणि कोरे कागद घेऊन येतो.

तालमीचा पोर

मास्तर, रात्रभर विचार केला. निवेदन परत घेतो. मला जुनं अक्षर लागत नाही, पण हॉलमध्ये टेबलं लावणं, खालचं कपाट वरच्या मजल्यावर चढवणं ही कामं आमची. ते कपाट पुन्हा खाली राहता कामा नये. पाच-सहा जण येतो.

शाहूपुरीची लेक

शनिवारी अकरा जण जमलो. तालमीच्या मुलांनी कपाट वर नेलं आणि जिना उतरताना तिथली सैल झालेली फळीही ठोकून दिली. बॅटरी आडवी धरायची युक्ती खरंच चालते. १९७१ च्या त्या शेवटच्या ओळीतला आईचा रकाना आम्ही तासभर बघत होतो. पहिलं अक्षर 'स', मग काहीच लागेना. दाखलेवाले म्हणाले, अंदाजानं नको. म्हणून ती ओळ साहेबांनी ठेवली होती तशीच ठेवली. पुढच्या ओळीपासून आमचं अक्षर सुरू होतं. शाई काळी घेतली आहे.

सिस्टर मिरजेहून दुपारच्या गाडीनं आल्या. कागद पुठ्ठ्यात ठेवून आणला होता. त्यांच्या कागदावरचं पान आणि अनुक्रमांक धरून आम्ही जुनं रजिस्टर उघडलं. पान तेच, ओळ तीच, आत नुसता निळा डाग. मास्तरांनी कागद वाचला, मी लिहिलं, सिस्टर शेजारी बसून बघत होत्या. शेवटच्या रकान्यात साहेब लिहायचे तसंच लिहिलं, की मूळ नोंद पाण्यानं गेली, ही १९९६ च्या उताऱ्यावरून घेतली, उतारा पाळकांच्या हातचा. मग सिस्टरनी विचारलं, "साक्षीदारांत माझ्या मावशीचं नाव आहे ना? ती अजून आहे, कोडोलीला. तिला त्या वर्षीचे आणखी दोन-तीन बाप्तिस्मे पक्के आठवतात."

तर पुढच्या शनिवारी सकाळी नऊला तिघंजण कोडोलीला जाणार. मीटर डाऊन रिक्षा आणतायत, भाडं आधीच ठरलंय, ते घ्यावं लागेल असं त्यांना सांगितलंय. बाकीच्यांनी दुपारी तीनला हॉलवर यायचं. चष्मा असेल त्यांनी चष्मा आणा, आणि घरचं बायबल आणणार असाल तर पिशवीत प्लास्टिक घालून आणा. पाऊस सांगितलाय.